घुग्घुसहून धानोऱ्याकडे: वॉकीटॉकी कोणती घ्यावी?

गेल्या पावसाळ्यात औषधे घेऊन धानोऱ्याकडे निघालो असता मागचा सोबती गाडीसह घसरला. मला ते पाच किलोमीटर पुढे गेल्यावर कळले. मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून आता दोन वॉकीटॉकी घेत आहोत.

खोक्यावरचे ‘दहा किलोमीटर’ मोकळ्या मैदानातले. सागवानात, वळणावर एक किलोमीटर मिळाला तरी पुष्कळ. 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सरकारमान्य संच विनापरवाना चालतात. जास्त ताकदीच्या संचांचा मोह मलाही झाला, पण त्यांना परवाना लागतो. आवाजाने आपोआप सुरू होणारा माईक वाऱ्यानेच सुरू होतो. हँडलवर बटण हवे.

प्रत्येक फाट्यावर मागच्याने हाक मारायची. हाक आली नाही, तर पुढच्याने परत फिरायचे.