मोठा सकर पाळायचा म्हणतोस, तर

पिरनवाडी, जि. बेळगाव
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. ओंकार यास,


निपाणीच्या नव्या घरात तू चार फुटी काचेची टाकी बसवणार आणि तिच्यात मोठा सकर सोडणार, हे तुझ्या आईकडून कळले. दुकानदाराने बोटाएवढे पिल्लू दाखवून ‘हा काच साफ ठेवतो, याला वेगळे काही लागत नाही’ असे सांगितले म्हणे. तुला माशांचा नाद लागला याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच पैसे मोजण्याआधी हे पत्र सावकाश वाच.

पाच-सात सेंटिमीटरचे ते पिल्लू नीट खायला मिळाले तर दोन-तीन वर्षांत फूटभर होते आणि पुढे दीड फुटाच्या घरात जाते. आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे, कधी त्याहून जास्त. आज घेतलेला मासा तुझी मुले शाळेत जाईपर्यंत तुझ्याकडे असणार. म्हणून तो आज केवढा दिसतो ते सोड, पुरा वाढल्यावर केवढा होईल ते आधी विचार. ‘टाकी लहान असली की मासा लहानच राहतो’ असेही कोणी सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस. कोंडलेल्या, घाणेरड्या पाण्यात वाढ खुंटते ती मासा आजारी असतो म्हणून.

आता टाकीचे गणित. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे 9 घनफूट, सुमारे 255 लिटर पाणी. दीड फुटी मासा दीड फूट रुंदीत वळणार कसा? त्याला कमीत कमी सहा फूट बाय दोन बाय दोनची टाकी हवी. तिच्यात सुमारे 680 लिटर पाणी मावते. काच, रेती, दगड धरले की वजन आठशे किलोच्या पुढे जाते. प्लायवूडच्या कपाटावर एवढे वजन ठेवायचे धाडस करू नकोस. लोखंडी अँगलचे वेल्डिंग केलेले स्टँड हवे आणि जागा तळमजल्यावरच हवी.

‘सकर’ या एका नावाखाली दुकानात बरेच वेगवेगळे मासे विकतात. सगळे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असलेले. सर्रास मिळतो तो टेरिगोप्लिक्थिस. पाठीवरचा पर उभा झाला की त्यातले काटे मोज. दहा-बारा भरले तर बहुतेक तोच. सात-आठ भरले तर हायपोस्टोमसपैकी एखादा. बिबट्यासारखे ठिपके आणि शिडासारखा उंच पर असलेला गिबिसेप्स दिसायला फार देखणा, पण तोही दीड फुटी होतो. अंगावर रेघा असलेला रॉयल प्लेको, म्हणजे पनाके, लाकूड किसून खातो. टाकीत कायम ड्रिफ्टवुड, म्हणजे पाण्यात मुरलेले लाकूड, हवे आणि त्याच्या भुशाने फिल्टर तुंबतो. वाढ मात्र सावकाश. खरोखर मोठाच पाळायचा असेल आणि जागा असेल, तर माझी पसंती रॉयलला.

नाव न ठरलेल्या जातींना ‘एल’ क्रमांक देण्याची पद्धत डाट्झ या जर्मन मासिकाने 1988 साली सुरू केली. एल-46 म्हणजे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा. तो ब्राझीलच्या झिंगू नदीत एका टापूपुरताच सापडतो आणि बेलो मोंते धरणाने तिथले पाणीच बदलून टाकले. 2022 मध्ये त्याचा समावेश वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. असा दुर्मीळ मासा कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो आला कुठून हे आधी विचार.

पिल्लू घेताना ते काचेला चिकटलेले असतानाच बघ, म्हणजे पोट समोर दिसते. पोट खपाटीला गेलेले किंवा डोळे खोल गेलेले असतील तर घेऊ नकोस. उपाशी राहिलेला सकर घरी आणल्यावर सहसा सावरत नाही. पर फाटलेले नसावेत, चिलखतावर लाल चट्टे नसावेत. दुकानदाराला खाणे टाकायला सांग आणि पिल्लू खाते का ते स्वतः बघ. पकडायला जाळी वापरू देऊ नकोस, परांचे काटे जाळीत अडकून मोडतात. पाण्याखाली डबा धरून त्यात हाकलायचे.

काच साफ करतो ही गोष्ट अर्धीच खरी. पिल्लू शेवाळ खाते. मोठा झाला की त्याचे लक्ष तुझ्या खाण्याकडे असते आणि तो जेवढे शेवाळ खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. पोट भरले नाही तर रात्री गोल्डफिश, डिस्कस अशा संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायला लागतो. त्याला दिवा मालवल्यावर खायला घाल: तळाला बसणाऱ्या गोळ्या, काकडी, उकळत्या पाण्यातून काढलेला दोडका, पालक, मटार. उरलेले सकाळी काढून टाकायचे. फिल्टर भरपूर ताकदीचा लागतो. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचे, नळाचे असेल तर अँटी-क्लोरीन घालून. टाकी भरली की लगेच मासे सोडू नकोस. घाणीतल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये रुजायला महिना-दीड महिना लागतो.

आपल्याकडच्या थंडीत पाणी 24 ते 28 अंशांवर ठेवायला हीटर लागेल. त्याला जाळीचे आवरण घाल, कारण सकर गरम नळीला चिकटून बसतो आणि पोट भाजून घेतो. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू दे. सकर पाण्यावर येऊन हवा गिळतो आणि पोटाच्या अस्तरातून प्राणवायू घेतो, त्यामुळे तो तगतो. बाकीचे मासे तगत नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. टाकीत मावेनासा झालेला सकर लोक तलावात किंवा नदीत नेऊन सोडतात. जीव मारण्यापेक्षा सोडलेला बरा, असे त्यांना वाटते. त्या भावनेला मी नावे ठेवत नाही, पण होते काय ते ऐक. उजनीच्या जलाशयात हा मासा जाळ्यात यायला लागला आहे. जाळे फाटते, काटे हातात घुसतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत, केरळात, आंध्रातल्या मत्स्यतळ्यांत हेच चालले आहे. आंध्रात त्याला सैतान मासा म्हणतात. पूर्व घाटात तो कुठवर पोचला हे पाण्यातल्या डीएनएवरून ओळखण्याची पद्धत हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बसवली आहे. नर काठाच्या मातीत लांब बिळे कोरतात आणि मादी तिथे अंडी घालते, त्यामुळे काठ ढासळतात. चिलखतामुळे त्याला खाणारे फारसे कोणी नाही, आणि हवा गिळता येत असल्याने सडक्या पाण्यातही तो जगतो.

आणि नकाशा काढून बघ. उजनीची भीमा कृष्णेला मिळते. तुझ्या निपाणीजवळची वेदगंगा दूधगंगेतून कृष्णेला जाते. आमच्या राकसकोपची मार्कंडेय घटप्रभेतून कृष्णेतच. कणकुंबीला उगवणारी मलप्रभाही शेवटी तिथेच. निपाणीच्या जवाहर तलावात सोडलेला एक मासा सांडव्यावरून निघाला तर त्याला कृष्णेपर्यंत रस्ता मोकळा आहे. आपल्या नद्यांत दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मळ्या मासा आहेच. साइक्स या अभ्यासकाने 1839 साली दख्खनच्या माशांत त्याची नोंद केली. सकर खातो तेही दगडावरचे शेवाळच. आपल्या घरातून गेलेल्या माशाने मळ्याचे खाणे पळवावे, हे मला सहन होणार नाही.

तेव्हा मासा घेण्याआधीच, नको झाला तर कुठे जाणार हे ठरव. दुकानदार मोठा झालेला मासा परत घेईल का, हे आधी विचारून घे. मोठी टाकी असलेला ओळखीचा कोणी असेल तर त्याच्याशी बोलून ठेव. यातले काहीच जमत नसेल तर मोठा सकर घेऊ नकोस.

चार फुटी टाकीसाठी मी ब्रिसलनोज सुचवतो. हाही सकरच, पण बारा-पंधरा सेंटिमीटरवर थांबतो आणि शेवाळ आयुष्यभर आवडीने खातो. नराच्या तोंडावर मिशांसारखे तंतू फुटतात. मातीच्या मडक्याचे तुकडे किंवा कौलाची गुहा करून दिलीस तर नर तिथे अंड्यांना पराने वारा घालत बसलेला दिसेल. एका टाकीत एकच नर आणि दोन माद्या ठेव, दोन नर झाले की जागेवरून भांडतात.

हॉलच्या भिंतीची लांबी, खाली तळघर आहे की भक्कम जमीन, आणि पाणी नळाचे की बोअरचे, एवढे कळव. सहा फुटांची टाकी बसत असेल तर स्टँडचे माप मी बेळगावच्या उद्यमबागेत टाकतो. बसत नसेल तर माझ्या टाकीतली ब्रिसलनोजची पिल्ले आणि मुरलेले ड्रिफ्टवुड घेऊन संक्रांतीला येतो. तोवर दुकानदाराला कळव की ते पिल्लू तुझ्यासाठी राखून ठेवू नये.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा