सामान पिरंगुटलाच अडकलंय

प्रश्न : ठाण्याहून पौडजवळच्या नव्या घरी कंटेनरने सामान मागवलं. आतला रस्ता अरुंद म्हणून चालक पिरंगुटलाच थांबलाय. छोट्या टेम्पोचे जादा पैसे मागतो. काय करू?

उत्तर : आधी कोटेशन काढा. ‘घरपोच’ लिहिलं असेल आणि रस्त्याची कल्पना तुम्ही दिली असेल, तर टेम्पोचा खर्च कंपनीनेच सोसायला हवा. सामान सोडवायला पैसे द्यावेच लागले तर रोख नकोत. यूपीआयने द्या, पावतीवर हरकत नोंदवा. कपाटाची काच फुटलेली दिसली तर पोचपावतीवर तिथेच लिहा. कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नका! नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा. तरी दाद मिळाली नाही, तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा; 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ठाण्याला खेटे घालावे लागत नाहीत.