मटारू, कोचई आणि चुलीतली राख

पोरींनो, दिवाळी सरली की वडसा, ब्रह्मपुरी, मूलच्या आठवडी बाजारात एखादी म्हातारी ओळखीच्या जागी पोतं अंथरते आणि मातीने माखलेले कंद मांडते. तिला भाव नंतर विचारा. आधी विचारा, "माय, हा किती पाण्यात उकडायचा?" ज्या बाईला हे सांगता येईल, तिच्याकडूनच घ्यावं.

मटारूपासून सुरू करते. बाकी महाराष्ट्रात याला मटाळू किंवा करांदा म्हणतात. आपल्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून मटारू. पान पिंपळासारखं, वेल कुंपणावर चढणारी, आणि पानाच्या बेचक्यात बटाट्यासारखे कंद लटकतात. सांदवाडीतला, म्हणजे परसातला, मटारू कमी कडू, जंगलातला जहर कडू. माझ्या सासूबाई अख्खा मटारू सालीसकट उकडायच्या आणि पाण्यात चुलीतली मूठभर राख टाकायच्या. ते पाणी फेकायचं, साल काढायची, फोडी करायच्या, पुन्हा स्वच्छ पाण्यात उकडायच्या. मग एक फोड जिभेच्या टोकाला लावून बघायची. कडू लागली तर तिसरं पाणी. तरीही कडूच राहिली तर फेकून द्या, हळहळ नको. रानातल्या कंदाचे पातळ काप बांबूच्या टोपलीत भरून वाहत्या नाल्यात ठेवायची रीत आहे. ती मात्र जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच शिकावी.

काटेरी वेल आणि एका देठाला तीन पानं दिसली तर हातच लावू नका. पलीकडे छत्तीसगडात तिला बैचांदी म्हणतात. तिचा कंद नीट न धुता खाल्ला तर माणसाला झटके येतात. दुष्काळात लोकांनी तो खाल्ला, पण तो पचवण्यामागे पिढ्यांची शिकवण होती.

कोचईचं, म्हणजे अळकुडीचं, दुखणं वेगळं. तिच्यात बारीक सुईसारखे क्षार असतात, तेच घशाला टोचतात. नवी नवरी असताना मी ओल्या हाताने कोचई सोलली आणि रात्रभर हात खाजवत बसले. तेव्हापासून ध्यानात ठेवलं: हात कोरडे हवेत, त्यांवर जवसाचं तेल चोळलेलं हवं, आणि कंद आधी उकडून मगच सोलायचा. भाजीत चिंच, अंबाडी किंवा ताक यांपैकी एक तरी आंबट हवंच. ज्यांना मुतखडा होतो त्यांनी कोचई आणि सुरण दोन्ही बेतानेच खावं, कारण हे क्षार खड्याला पोसतात.

ताकदीचं म्हणाल तर 100 ग्रॅम कोचईत सुमारे 97 उष्मांक आणि 3 ग्रॅम प्रथिनं असतात. सुरणात सुमारे 79 उष्मांक आणि 18 ग्रॅम पिष्ट. म्हणजे हे कंद भाजीपेक्षा अन्नाच्याच जवळचे. आपण धानाच्या मुलखातली माणसं, ताटात भाताचा डोंगर ठेवतो आणि वर कोचई वाढतो. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी कोचईच्या दिवशी भात निम्मा करावा. सोबत लाखोरीच्या डाळीऐवजी तुरीचं वरण घ्यावं. लाखोरी रोजच्या रोज खाल्ल्याने पाय गेलेली माणसं जुन्या लोकांनी पाहिली आहेत.

औषधाचं बोलायचं तर सुरण मूळव्याधीवर नावाजलेलं आहे. आयुर्वेदात त्याचं एक नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध नाहीशी करणारं. चांगलं शिजवून ताकाबरोबर द्यावं. पण रक्त पडत असेल किंवा अंगावर गजकर्ण असेल तर जुने वैद्यच नको म्हणतात. मटारूचा लेप गळवावर लावायची रीत आहे, तेवढं चालेल. त्याची कच्ची पूड 'रक्त शुद्ध करते' म्हणून कोणी विकायला आला तर घेऊ नका. चीनमध्ये हाच कंद औषध म्हणून खाऊन लोकांची यकृतं बिघडली आहेत.

आता रानातले कंद खणण्याची गोष्ट, कारण इथे मला राग येतो. हल्ली माणसं पावसाळ्यातच कुदळ घेऊन जातात, वेल हिरवी असताना. पानं पिवळी पडल्याशिवाय खणू नये. कंदाचा वरचा भाग, डोळ्यासकट, परत खड्ड्यात ठेवावा आणि माती लोटावी. उघडा खड्डा सोडणं म्हणजे पुढच्या वर्षीचं जेवण काढून घेणं. एकट्याने जाऊ नये. वाघाचं भय आहेच, आणि अस्वलही त्याच कंदांसाठी जमीन उकरत असतं. हक्काचं म्हणाल तर वनहक्क कायदा 2006 मध्ये मुळं आणि कंद गौण वनोपजात नावानिशी घातले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क आला म्हणून जंगल रिकामं करायचं नसतं, हे आपल्याच माणसांना सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

यंदा बाजारातून आणलेल्या मटारूतला एक कंद खाऊ नका. राखेत ठेवून द्या, आणि मृग लागला की सांदवाडीच्या कुंपणाशी पुरा.