घोड्यांची तांब्याची भूषणे

जखऱ्याच्या चौदाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात घोड्यांच्या घंटांचा उल्लेख आहे. जनावरास असा साज कशाला, असे उंद्रीचा शेतकरी विचारणार नाही. पोळ्यास बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा त्याने पाहिल्याच आहेत. परंतु तितकाच पुरातन अश्वसाज आपल्या विदर्भाच्या मातीतही निघाला आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

नागपूरजवळ माहुरझरी येथे मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ती ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील लोकांची थडगी होत. 1970 ते 1972 ह्या काळात डॉ. शां. भा. देव ह्यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा मनुष्यांच्या अस्थींसह घोड्यांच्याही अस्थी मिळाल्या. सोबत लोखंडी कडियाळी होती, आणि घोड्याच्या तोंडावर बांधावयाचे तांब्याचे पत्रे, लोखंडी खिळ्यांनी जडविलेले! पत्र्यांखालचे चामडे केव्हाच कुजून गेले असावे.

ह्या कारागिरांची समज पाहा. घोडा कडियाळ चावतो, हिसडे देतो. म्हणून तेथे कठीण लोखंड. तांबे मऊ, ते ठोकून पातळ होते व घासले म्हणजे उन्हात झळकते, म्हणून ते कपाळावर. लोखंड परक्या देशातून आणावे लागे असेही नव्हे, कारण नायकुंड येथे ते गाळण्याची त्या काळची भट्टीच सापडली आहे.

इराणातील लुरिस्तानच्या डोंगराळ मुलखात तर कडियाळांच्या दोन्ही बाजूंस काशाचे ओतीव पशू असत. आपल्याकडचे काम त्यामानाने साधे. मला मात्र तेच अधिक आवडते.