चातुर्य आणि शहाणपण : पोपच्या काव्याविषयीं दोन शब्द

इंग्रजी काव्य शिकवितांना ‘विट्’ हा शब्द आला कीं मला थोडें थांबावें लागतें. आज त्याचा अर्थ कोटी किंवा हजरजबाबीपणा एवढाच उरला आहे. अठराव्या शतकांत मात्र बुद्धि, कल्पना, चातुर्य हें सारें त्यांत येई. नवें कांहीं शोधण्यापेक्षां जुनेंच सत्य नेमक्या शब्दांत बसविण्यांत त्या काळचे कवि धन्यता मानीत.

या कलेंत अलेक्झांडर पोप (१६८८-१७४४) अग्रगण्य होय. तो रोमन कॅथलिक असल्यामुळें तेव्हांच्या कायद्यानें त्याला विद्यापीठाचें दार बंद होतें. लहानपणींच पाठीच्या कण्यास क्षय जडून पोक आलें व उंची साडेचार फुटांच्या आसपासच राहिली. असें असूनही, वयाचीं तेवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १७११ सालीं, त्यानें काव्यपरीक्षणावर पद्यमय प्रबंध प्रसिद्ध केला.

दहा-दहा अक्षरांच्या दोन सयमक ओळी, एवढेंच त्याचें हत्यार. एका सरदारानें एका तरुणीच्या केसांची बट कापली आणि दोन घराण्यांत वैर आलें, तें हसण्यावारीं न्यावें म्हणून, एका स्नेह्याच्या सांगण्यावरून, पोपनें त्यावर वीरकाव्याच्या थाटाचें काव्य रचलें (१७१२, वाढवून १७१४). त्यांत नायिकेच्या शृंगाराच्या मेजावर पावडर, प्रेमपत्रें यांच्याच रांगेंत बायबलही पडलेलें आहे. कवि त्यावर टीकेचा एक शब्दही काढीत नाहीं. वस्तु कोठें ठेवली आहे तेवढें दाखवितो. येथें चातुर्य आणि शहाणपण एकजीव झालें आहे.

परंतु नेहमींच तसें होत नाहीं. १७२५ सालीं पोपनें शेक्सपिअरचीं नाटकें संपादून सहा खंडांत काढलीं. दुसऱ्याच वर्षीं लुइस थिओबाल्ड नांवाच्या विद्वानानें त्यांतील चुका दाखविणारा ग्रंथ छापला. पोपला तें झोंबलें. १७२८ सालीं त्यानें मूर्खांच्या राज्यावर ‘डन्सिअड’ हें उपहासकाव्य लिहिलें आणि त्याच्या नायकपदीं थिओबाल्डला बसविलें! पुढें दीर्घकाळ लोकांना थिओबाल्ड ठाऊक राहिला तो या थट्टेमुळेंच.

मग चूक कोणाची होती? ‘पांचवा हेन्री’ नाटकांत खानावळीची मालकीण वृद्ध फॉल्स्टाफच्या मरणाची हकीकत सांगते. जुन्या छापील प्रतींत तेथें हिरव्या शेतांशेजारीं ‘टेबल’ असा निरर्थक शब्द पडला होता. पोपनें तर्क केला कीं, ग्रीनफील्ड नांवाचा कोणी रंगभूमीवरील सामानाचा व्यवस्थापक असावा आणि त्याचें टेबल आणण्याची सूचना चुकून संवादांत शिरली असावी. तर्क चतुर खरा! थिओबाल्डनें एका शब्दाचीं दोनतीन अक्षरें बदलून अर्थ लावला, तो असा : मरणारा म्हातारा हिरव्या शेतांविषयीं पुटपुटत होता. आजही बहुतेक संपादक हाच पाठ छापतात. इतर कांहीं स्थळीं खुद्द पोपनेंही आपल्या दुसऱ्या आवृत्तींत थिओबाल्डच्या दुरुस्त्या घेतल्या. १७४३ सालीं त्यानें मूर्खांच्या गादीवरून त्याला उठविलेंही, पण तें कॉली सिबर या दुसऱ्या माणसास बसविण्यासाठीं.

‘डन्सिअड’मधील हा उपहास समजावून सांगितला कीं मुलें थिओबाल्डला हसतात, मलाही हसूं आवरत नाहीं, इतका पोप कसबी आहे. मग मी फॉल्स्टाफविषयींचे दोन्ही पाठ फळ्यावर लिहितों आणि यांतील शेक्सपिअरचा कोणता, असें विचारतों. आजवर टेबलाच्या बाजूनें एकही हात वर झालेला नाहीं.