एकावर एक बसणाऱ्या अवजारपेट्या : रचना आणि उपयोग

कारागिराचे खरे भांडवल म्हणजे त्याचे हात, असे म्हटले जाते. तथापि त्या हातांना वेळेवर पटाशी, पक्कड अथवा पाना सापडला नाही, तर अंगी कौशल्य असूनही काम अडून राहते. ग्रामीण भागातील सुतार, गवंडी, तारतंत्री किंवा नळजोडणी करणारा कारागीर एका जागी बसून काम करीत नाही. सकाळी एका वाड्यावरचे काम, दुपारी दुसऱ्या गावातले, असा त्याचा दिनक्रम असतो. सगळी अवजारे एकाच गोणीत वा ट्रंकेत कोंबून नेली, की तळाशी गेलेला ड्रिलचा एक बिट काढण्यासाठी सारी गोणी जमिनीवर रिती करावी लागते. पटाशीची धार हातोडीवर आपटून बोथट होते. एखादे अवजार मागेच राहिल्याचे तर घरी पोहोचल्यावरच ध्यानात येते.

हे नुकसान लहान नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी इत्यादी अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. असे साहाय्यातून वा स्वतःच्या कमाईतून घेतलेले अवजार दोन पावसाळ्यांत गंजले किंवा हरवले, तर कारागीर पुन्हा पूर्वीच्याच ठिकाणी येतो. म्हणूनच अवजारे मिळविण्याइतकेच ती नीट ठेवण्याचे शास्त्रही महत्त्वाचे होय.

जुनीच कल्पना, नवे रूप

एकावर एक बसणाऱ्या पेट्यांची कल्पना आपल्याकडील घरांना अपरिचित नाही. जेवणाच्या चार पुडांच्या डब्यात प्रत्येक पूड खालच्या पुडाच्या काठात नेमके बसते आणि बाजूची कडी सर्वांना एकत्र धरून ठेवते. स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यात मोहरी, हळद, तिखट यांच्या जागा ठरलेल्या असतात. त्यामुळे काय संपले ते झाकण उघडताच कळते. चांगल्या अवजारपेटीत या दोन्ही डब्यांचे गुण एकत्र यावयास हवेत.

परदेशांत हीच कल्पना कारखान्यांनी उचलून धरली. जर्मनीतील तानोस कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेली 'सिस्टेनर' ही प्लॅस्टिकची पेटी प्रसिद्ध आहे. तिच्या प्रचलित आकाराचा तळ ३९६ मिलिमीटर लांब व २९६ मिलिमीटर रुंद असतो. उंची निरनिराळी असली तरी तळाचे माप एकच असल्याने लहानमोठ्या पेट्या परस्परांवर बसतात. युरोपात मालवाहतुकीसाठी वापरला जाणारा लाकडी पाट १२०० बाय ८०० मिलिमीटरचा असतो. त्यावर अशा आठ पेट्या एका थरात नेमक्या मावतात. उंची बदलावी, तळ बदलू नये, हेच या पद्धतीचे सूत्र आहे.

पेटीची बांधणी

तयार पेट्या महाग वाटत असल्यास गावातील सुतार त्या सहज बनवू शकतो. त्यासाठी ४०० बाय ३०० मिलिमीटर तळ आणि २०० मिलिमीटर उंची हे माप सोयीचे पडते. ज्याचे थर पाण्याने सुटत नाहीत असा, दुकानात बी. डब्ल्यू. आर. या नावाने मिळणारा ९ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घ्यावा. आठ बाय चार फुटांच्या एका तक्त्यातून अशा चार पेट्या निघून आतील कप्प्यांसाठीही लाकूड उरते.

पेटी प्रथम सर्व बाजूंनी बंद अशी जोडावी आणि मग वरून ५० मिलिमीटरवर करवतीने कापून झाकण वेगळे करावे. असे केल्याने झाकण व पेटी यांच्या कडा तंतोतंत जुळतात. मात्र कापण्याच्या रेषेवर स्क्रू येणार नाही, याची दक्षता आधीच घ्यावी. त्यानंतर बिजागऱ्या व कडीकोयंडा बसवावा.

पेट्या एकमेकींवर घट्ट बसाव्यात यासाठी झाकणाच्या वरच्या कडेने १५ मिलिमीटर रुंद व १२ मिलिमीटर उंच पट्टी मारावी. तिच्या आत ३७० बाय २७० मिलिमीटरची खोलगट जागा तयार होते. वरच्या पेटीच्या तळाला ९ मिलिमीटर उंचीची, बाहेरून ३६६ बाय २६६ मिलिमीटर भरेल अशी चौकट लावावी. चारही बाजूंना राहणारे दोन मिलिमीटरचे अंतर आवश्यक आहे. अन्यथा पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर पेट्या एकमेकींत अडकून बसतील. तळाची चौकट झाकणावरील पट्टीपेक्षा कमी उंच असल्यामुळे वरच्या पेटीचा भार झाकणाच्या मध्यावर न येता चार भिंतींवर येतो. झाकणावरील पट्टीच्या कोपऱ्यांत बोटभर खाचा ठेवाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी तेथे साचून राहणार नाही.

आतील रचना

पेटी तयार असो वा घरी केलेली, तिचा खरा उपयोग आतील रचनेवर अवलंबून असतो. अवजारांच्या जातीप्रमाणे पेट्या न लावता कामाप्रमाणे लावाव्यात. सगळे पाने एका पेटीत व सगळ्या पकडी दुसरीत ठेवल्यास प्रत्येक कामाला दोन्ही पेट्या न्याव्या लागतात. त्याऐवजी तारतंत्र्याने जोडकामाची एक पेटी, तपासणीच्या साधनांची दुसरी आणि ड्रिल यंत्राची तिसरी अशी विभागणी केली, तर त्या दिवसाच्या कामाला लागेल तेवढीच पेटी उचलता येते.

प्रत्येक अवजाराची जागा त्याच्या आकाराची असावी. त्यासाठी चपलांच्या तळव्यांना वापरतात तो ईव्हीए फोम उत्तम होय. गडद रंगाचा फोम वर व पिवळा किंवा तांबडा फोम खाली घ्यावा. अवजार वरच्या थरावर ठेवून त्याची बाह्यरेषा आखावी, तेवढा भाग धारदार सुरीने कापून काढावा आणि मग तो थर खालच्या थरावर चिकटवावा. बाजूला बोट जाण्यापुरती खाच ठेवावी. अवजार जागेवर नसले की खालचा भडक रंग दिसतो आणि उणीव तत्काळ ध्यानात येते.

विमानांच्या देखभालीत हीच पद्धत कटाक्षाने पाळली जाते, कारण यंत्रात विसरलेला एक पानाही जीवघेणा ठरू शकतो. गावातील कामातही हे तितकेच खरे आहे. वीजजोडणीच्या पेटीत राहून गेलेला पेचकस वीजप्रवाह सुरू होताच मोठा अपघात घडवू शकतो. परातीवर विसरलेली हातोडी खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर पडू शकते. काम संपल्यावर पेटी उघडून एक नजर टाकली आणि रंग कोठेही दिसला नाही, तरच झाकण बंद करावे, हा नियम प्रत्येकाने अंगी बाणवावा.

स्क्रू, खिळे व चाप यांच्यासाठी छोटे कप्पे करताना त्यांच्या भिंती झाकणाला टेकतील एवढ्या उंच ठेवाव्यात आणि झाकणाला आतून पातळ फोम लावावा. पेटी आडवी झाली तरी मग एका कप्प्यातील माल दुसऱ्यात मिसळत नाही.

ओल, वजन आणि सुरक्षितता

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवा व समुद्रावरून येणारा खारा वारा लोखंडाचे शत्रू होत. पाणी शोषून घेणारा स्पंज पेटीत कधीही वापरू नये; त्यात मुरलेली ओल अवजारास गंज चढविते. ओले अवजार पुसूनच जागेवर ठेवावे, पटाशी व रंध्याच्या पात्यांना तेलाचा हलका हात द्यावा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवून वेळोवेळी बदलाव्यात.

रिकाम्या पेटीचे वजन सुमारे तीन किलो भरते. आत दहा-बारा किलोंपेक्षा अधिक माल भरू नये, म्हणजे एका माणसाला ती पाठीस इजा न होता उचलता येते. जड पेटी तळाशी व हलकी वर ठेवावी. कामाच्या जागी चारांपेक्षा अधिक पेट्या रचू नयेत. वाहनातून नेताना त्या दोरीने बांधाव्यात. यंत्राच्या बॅटऱ्या सुट्या खिळ्यांबरोबर ठेवू नयेत, कारण बॅटरीच्या उघड्या टोकांना धातू टेकल्यास आग लागण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र कप्पा असावा व पेटी भर उन्हात ठेवू नये.

शिक्षक व निदेशकांसाठी

शाळा व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांना हा विषय प्रात्यक्षिक म्हणून घेता येईल. माप घेणे, काटकोन साधणे, तक्त्याची काटकसरीने कापणी आखणे आणि घनफळ काढणे हे सर्व गणित एका पेटीत सामावलेले आहे. वर्गाने एकच फर्मा तयार करून त्यावरून सर्व पेट्या बनवाव्यात. मग सुतारी शिकणाऱ्या मुलाची पेटी तारतंत्रीच्या विद्यार्थिनीच्या पेटीवर नेमकी बसेल आणि एका मापाने काम करण्याचा लाभ सर्वांना प्रत्यक्ष दिसेल. प्रत्येक झाकणाच्या आत अवजारांची यादी चिकटविल्यास साहित्याची मोजदादही काही मिनिटांत उरकते.

अशा पेटीला लागणारे साहित्य गावात अथवा जवळच्या बाजारात मिळण्याजोगे आहे आणि तिच्या घडणीला लागणारे कसब गावच्या सुताराकडे आहेच. आरंभी सर्वाधिक लागणाऱ्या अवजारांची एकच पेटी करावी, महिनाभर वापरून तिच्यातील उणिवा दूर कराव्यात आणि मगच त्याच मापाची दुसरी हाती घ्यावी.