काळूला हाकेला यायला शिकव

अगं, काळूला काठी दाखवू नकोस. मार खाल्ल्याशिवाय कुत्रं वळणावर येत नाही, असं घरातली जाणती माणसं म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण पिल्लू तुझ्या अंगाखांद्यावर वाढतंय म्हणून तुला सांगते. बसायला, हात द्यायला तो मागाहून शिकला तरी चालेल. हाकेला येणं मात्र आधी. जव्हारजवळच्या आपल्या दाभोशात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधबा बघायला येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, लेंडी नदी सुमारे 300 फूट खाली कोसळते तो निसरडा कडा जवळच, आणि रानात बिबट्या. अशा जागी तुझी एक हाक त्याचा जीव वाचवू शकते.

म्हणून त्या हाकेशी भीती जोडली जाता कामा नये. 'काळू' म्हणून बोलावलंस आणि चप्पल कुरतडली म्हणून फटका दिलास, तर चपलेचं त्याला काहीच कळत नाही. हाक आली की मार बसतो, एवढं मात्र पक्कं ध्यानात राहतं. मग तो लांबूनच बघत उभा राहील. राग आलाच तर हाक मारू नकोस, तूच उठून त्याच्यापाशी जा.

सुरुवात घरातच कर. दोन पावलांवरून हाक मार, आला की लगेच, अगदी त्याच क्षणी, 'शाब्बास' म्हणून उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा दे. सुकट द्यायची तर आधी भिजवून तिचा खारटपणा काढ. घरात जमलं की अंगणात, मग लस पुरी झाली की लांब दोरी बांधून बांधावर. तो कंटाळायच्या आधीच थांब. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, जी बहुतेकांच्या हातून राहून जाते. फक्त बांधायच्या वेळी बोलावू नकोस. बोलाव, खाऊ दे, पुन्हा खेळायला सोड. हाकेला आलं की खेळ संपतो असं वाटलं, तर शहाणं पिल्लू येणारच नाही.

कोंबड्यांचंही तसंच. कोंबडीमागे धावण्यातच त्याला मजा मिळते, ती मजा एकदा चाखली की तुझं अंडं फिकं पडतं. म्हणून कोंबड्या मोकळ्या असताना त्याला दोरीवर ठेव आणि त्यांच्याकडून नजर काढून तुझ्याकडे बघितलं की खाऊ दे.

हाताला चावतो, तर खेळ तिथंच थांबव आणि तोंड फिरव. चघळायला ओल्या फडक्याची गाठ दे. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, तोवर हे चालायचंच. झोपून उठला, जेवला, खेळला की शी-शूसाठी अंगणात ने. बाहेर केलं की कौतुक कर. घरात केलं तर गुपचूप पुसून टाक, नाक घासू नकोस.

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे ओळखीचं होतं, त्याचं भय पुढं कमी राहतं. छत्री, इरलं, मोटारसायकल, तारप्याचा आवाज, सगळं आताच लांबून दाखव, खाऊ देत देत. बोहाड्यातली मुखवट्यांची सोंगं आणि संबळ पुढं अचानक समोर आली तर मोठं कुत्रंही बिथरतं. लस पुरी होईपर्यंत मात्र त्याला अंगणाबाहेर जमिनीवर फिरवू नकोस, कडेवर घेऊन दाखव.

आणि लस टाळू नकोस. पार्वोची पहिली सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या. रेबीजची तीन महिन्यांचा झाल्यावर. जव्हारला जनावरांच्या दवाखान्यात आधी विचारून ठेव. त्याचे दात लागून रक्त आलं, तर हळद-चुना लावत बसू नका. जखम 15 मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सरळ माणसांचा दवाखाना गाठा. रात्री पडवीत बांधू नकोस, बिबट्या कुत्री उचलतो. आत घे त्याला, आजी कुरकुरली तरी.